पोरीला उंब्रजला उतरवा

मे महिना लागला की सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर एक वाक्य हमखास कानावर पडायचं. गाडी फलाटाला लागलेली, जागा धरायला खिडक्यांतून रुमाल आणि पिशव्या आत पडलेल्या, आणि कुणाचे तरी वडील दाराशी उभे राहून कंडक्टरला सांगताहेत, "मास्तर, एवढ्या पोरीला उंब्रजला उतरवा. मामा येतोय घ्यायला." कंडक्टर तिकिटांच्या पेटीतून मान वर काढायचा, पोरीकडे एकदा बघायचा आणि म्हणायचा, "बसवा पुढं." झालं. सही नाही, ओळखपत्र नाही, कुणाचा फोन नंबर नाही. उंब्रजच्या जागी कुठे चिपळूण असायचं, कुठे बार्शी, कुठे मलकापूर. मामाच्या जागी काका, आजोबा, आत्याचे यजमान. बाकी सगळं तेच.

आठ-दहा वर्षांची मुलं अशी अडीच-तीन तासांच्या प्रवासाला निघत आणि संध्याकाळी आजोळच्या अंगणात खेळत असत. आज हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "तेव्हाचा काळच चांगला होता." मला हे उत्तर पटत नाही. काळ कुठलाच सरसकट चांगला नसतो. गाडीतल्या चाळीस-पन्नास माणसांनी ते पोर आपल्यावर सोपवलंय असं मानलेलं असायचं, आणि घरच्यांना ते पक्कं ठाऊक असायचं, म्हणून आईबाप पोराचा हात सोडायला धजत. माणसांची ही सवय कशी होती, ती कुठे गेली आणि अजून कुठे शिल्लक आहे, हे मला इथे लिहायचं आहे.

ही सवय आपोआप लागलेली नव्हती. तिच्यामागे एसटी नावाची फार मोठी गोष्ट होती. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत लाल गाडी जवळपास प्रत्येक गावाच्या ओळखीची झाली. रात्रीची वस्तीची गाडी गावात मुक्कामाला यायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, चावडीत नाहीतर गाडीतच झोपायचे. कुणाच्या तरी घरून त्यांना भाकरी-कालवण जायचं. सकाळी सहाला तीच गाडी गावाला घेऊन तालुक्याला निघायची. वर्षानुवर्षं त्याच मार्गावर काम करणाऱ्या कंडक्टरला कोण कुणाची सून, कोण कुणाचा जावई, हे गावातल्या माणसाइतकंच माहीत असायचं.

गाडीने काय काय जायचं! वर्तमानपत्रांचे गठ्ठे, तालुक्याहून मागवलेलं औषध, लग्नाच्या पत्रिका, आंब्याच्या पाट्या. कॉलेजला शहरात राहणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबे तर रोज जायचे. पहाटे आईने चुलीवर भाकऱ्या थापायच्या, डबा फडक्यात बांधायचा, त्यावर नावाची चिठ्ठी लावायची आणि गाडीत ठेवून द्यायचा. दुपारी मुलगा स्टँडवर जाऊन डबा उतरवून घ्यायचा आणि कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायचा. पश्चिम महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी अशा डब्यांवर शिकली. डबे चोख पोचत होते हे रोज दिसत होतं. पोरगी पोचेल का, ही शंका मग आईबापांच्या मनात फार काळ टिकत नसे.

माझा प्रवास सांगली ते उंब्रज. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. परीक्षा संपायच्या आठवडाभर आधी अण्णा मामाला अंतर्देशीय पत्र टाकायचे: अमुक तारखेला सकाळच्या सातारा गाडीने पोरीला बसवून देतो, उतरवून घेणे. पत्राचं उत्तर येईलच असं नसायचं आणि त्याची वाटही कुणी बघायचं नाही. आदल्या दिवशी आई दशम्या करायची, सोबत शेंगदाण्याची चटणी. पाण्याला फिरकीचा तांब्या. गाडी लागू नये म्हणून लिंबू आणि आल्याच्या वड्या. रुमालाच्या कोपऱ्यात चार पैसे बांधून तो रुमाल फ्रॉकच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिनने टाचलेला असायचा. पिशवीत नाव, अण्णांचा पत्ता आणि मामाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. मग सूचना: खिडकीबाहेर हात काढायचा नाही, मध्ये कुठेही खाली उतरायचं नाही, काही लागलं तर कंडक्टरला सांगायचं, नाहीतर एखाद्या बाईमाणसाला.

गाडी सांगलीतून निघून आयर्विन पुलावर आली की खाली कृष्णा दिसायची. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असायचं, वाळूत कलिंगडांचे वेल. मग आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका. नाक्यावर हमरस्ता लागला की गाडीचा आवाज बदलायचा. नेर्ले, कासेगाव आणि मग कराडचा मोठा स्टँड. तिथे गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबायची. कंडक्टर चहाला जाताना वळून सांगायचा, "पोरी, जागेवरनं हलू नगंस." तोपर्यंत शेजारची बाई, जिचं नावही मला माहीत नसायचं, परस्पर सांगून टाकायची, "मी हाय इथं, जावा तुम्ही." कराड सोडलं की कोयनेचा पूल, आणि थोड्या वेळात उंब्रज. पाट्या वाचत वाचत मी हा रस्ता शिकले. भूगोलाच्या पुस्तकात कृष्णा आणि कोयना या निळ्या रेघा होत्या. त्या दोन नद्यांच्या मध्ये किती ऊस आहे आणि कुठल्या गावापासून जमीन काळी होते, हे खिडकीने शिकवलं.

एका मे महिन्यात कासेगाव सोडल्यावर गाडी फेल झाली. भर दुपार, रस्त्याकडेला एक लिंबाचं झाड, आणि त्याच्या सावलीला गाडीतली सगळी माणसं. मागची गाडी येईपर्यंत थांबणं भाग होतं. एका आजोबांनी काकडी कापून वाटली. लग्नाला निघालेल्या कुटुंबातल्या बाईने तिच्या मुलांच्या पंक्तीत मलाही बसवलं आणि माझ्या दशम्या तिच्या पोरांत वाटून त्यांचे लाडू मला दिले. मागची गाडी आली तेव्हा ती आधीच भरलेली होती. आमच्या कंडक्टरने आधी म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया चढवल्या, मग मला उचलून दारात उभं केलं आणि त्या गाडीच्या कंडक्टरला मोठ्याने सांगितलं, "ही उंब्रजची. मामा येणाराय. आला नसला तर एकटी सोडू नका." तिकीट तेच चालणार होतं. सोबतीने जबाबदारीही या हातातून त्या हातात गेली.

उंब्रजला पोचायला बराच उशीर झाला. मामा स्टँडवर नव्हता. तो दोनदा येऊन गेला होता आणि गाडीची चौकशी करायला कराडच्या दिशेने निघाला होता, हे नंतर कळलं. नव्या कंडक्टरने मला रस्त्यापलीकडच्या रसवंतीत नेऊन बसवलं. घुंगरं बांधलेला चरक फिरत होता. रसवंतीवाल्याला त्याने मामाचं नाव सांगितलं, आणि रसवंतीवाला म्हणाला, "अहो, त्यांची भाची व्हय? ऱ्हाऊ द्या की." मग कंडक्टर गाडीकडे गेला, डबल बेल दिली आणि गाडी साताऱ्याकडे निघून गेली. मी रस पीत बसले. मामा येईपर्यंत रसवंतीवाल्याच्या बायकोने माझ्या सुटलेल्या वेण्या घालून दिल्या होत्या.

त्या दुपारी मला किती माणसांनी सांभाळलं, याचा हिशेब मी मोठी झाल्यावर केला. त्यातलं एकही नात्याचं नव्हतं. दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरचा तर माझ्याशी जेमतेम तासाभराचा संबंध होता. पुढे आयुष्यात परगावी नोकरीला जाताना, परक्या शहरात खोली शोधताना, रात्रीच्या गाडीने एकटीने जाताना मला जो धीर वाटला, त्याचं मूळ मला तिथे सापडतं. जग सगळं चांगलं आहे असं मला कधीच वाटलं नाही. पण गर्दीत आपल्यासाठी उठणारं एक तरी माणूस असतं, हे मला लहानपणीच अनुभवाने कळलं होतं. वर्गात बसून हे शिकता येत नाही.

मुंबईच्या मुलांचं हेच शिक्षण लोकलमध्ये व्हायचं. माझी मुंबईची चुलत भावंडं पाचवी-सहावीपासून लोकलने शाळेत जात. मुली बायकांच्या डब्यात चढत. तिथे रोजच्या गाडीच्या रोजच्या बायका, भाजी निवडणाऱ्या, विणकाम करणाऱ्या. दप्तर कुणाच्या तरी मांडीवर जायचं, दादर आलं की चार हात पोरीला दाराकडे सरकवायचे, आणि एखादी मुलगी दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी तिची चौकशी व्हायची. बेस्टच्या गाडीत शाळकरी मूल चढलं की कंडक्टर हाताने वाट करून त्याला आत घ्यायचा. गाव वेगळं, गाडी वेगळी, पण मुलाकडे लक्ष ठेवणं हे तिथेही सगळ्यांचंच काम होतं.

हे सगळं लिहिताना मला एक गोष्ट दडवायची नाही. त्या काळात मुलांच्या वाट्याला वाईट आलंच नाही, असं म्हणणं खोटं आहे. गर्दीच्या गाडीत मुलींना नको ते स्पर्श तेव्हाही होत होते. माझ्या बरोबरीच्या जवळजवळ प्रत्येक बाईकडे अशी एखादी आठवण आहे आणि बहुतेकींनी ती घरी सांगितलेली नाही, कारण सांगितलं तर शाळाच बंद होईल ही भीती. शेजारची मावशी आपल्याला खिडकीकडे सरकवून स्वतः कडेला का बसते, हे आम्हाला फार उशिरा उमजलं. बोलायची सोय नव्हती म्हणून ती आपल्या शरीराचा आडोसा करत होती. २०१२ साली मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला. आज शाळांमधून चांगल्या-वाईट स्पर्शाबद्दल बोललं जातं, मूल घरी येऊन सांगतं, आणि आई त्याचं ऐकून घेते. हे आमच्या लहानपणी नव्हतं. आजचा काळ इथे आमच्या काळाच्या पुढे आहे, आणि ते मान्य केलंच पाहिजे.

दुसरंही एक सत्य आहे. ज्या वर्षांत आम्ही मामाच्या गावाला जात होतो, त्याच वर्षांत घर सोडून आलेली कितीतरी मुलं मुंबईच्या रेल्वे फलाटांवर झोपत होती. तीही एकटीच प्रवास करून आली होती. त्यांना उतरवून घ्यायला मात्र कुणी आलेलं नव्हतं. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक सुरू झाला तो अशाच मुलांसाठी. एकट्या मुलाचा प्रवास सुखाचा होतो तो दोन्ही टोकांना आणि मधल्या वाटेवर माणसं असली तर. यातलं एक टोक जरी सुटलं तरी तोच प्रवास मुलाला गिळून टाकतो.

मग आज काय बदललं? सगळ्यात आधी रस्ता बदलला. पुणे–कोल्हापूर महामार्ग चौपदरी झाला आणि गाड्या गावांना बगल देऊन उड्डाणपुलांवरून जाऊ लागल्या. पूर्वी गाडी गावाच्या पोटात शिरायची, स्टँडवर थांबायची, आणि उतरल्याबरोबर मुलाभोवती रसवंती, पानपट्टी, सायकलचं दुकान अशी ओळखीची माणसं असायची. आता लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या महामार्गाच्या कडेला उतरवतात. समोरून शंभरच्या वेगाने वाहनं जातात, खाली सेवा रस्ता, पलीकडे जायला बोगदा. तिथे मोठं माणूसही दोनदा विचार करून पाय टाकतं. अशा जागी दहा वर्षांच्या मुलाला उतरवायला कुणाचं मन होत नाही, यात आईबापांचा भित्रेपणा कुठे आला? आपण रस्ते गाड्यांसाठी बांधले. पायी चालणारं मूल ते बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

घरंही बदलली. आमच्या घरात पाच भावंडं होती, मधल्याला सोडायला जायला कुणाला सवड नव्हती. आता घरात एक किंवा दोन मुलं, दारात गाडी. मामाच वाकडला नाहीतर बंगळुरूला राहायला गेला. आजी असली तर तीच नातवंडांना सांभाळायला शहरात आली. मे महिना शिबिरांनी भरला. मुलांना एकट्याने जायचं असं ठिकाणच फारसं उरलं नाही. शाळेत ने-आण करायला व्हॅन आली. २०११ साली राज्याने स्कूल बससाठी वेगळे नियम केले, आणि ते आवश्यकच होते. पण घराच्या दारातून शाळेच्या दारात पोचणाऱ्या मुलाला मधला रस्ता फक्त काचेतून दिसतो. त्या रस्त्यावरचं एकही माणूस त्याच्या ओळखीचं होत नाही.

माझ्या भाचीची मुलगी पुण्यात सहावीत आहे. हुशार, समजूतदार. तिच्या मनगटावरच्या घड्याळातून ती कुठे आहे हे तिच्या आईला घरबसल्या दिसतं. आमच्या वेळी गाडी उंब्रजला पोचली की नाही हे अण्णांना चार दिवसांनी मामाचं पत्र आल्यावर कळायचं. ते चार दिवस आईने कसे काढले असतील, हे आज आई आणि आजी झाल्यावर मला समजतं. असं घड्याळ तेव्हा मिळालं असतं तर तिने आनंदाने घेतलं असतं. तरीही ही मुलगी कोथरूडहून डेक्कनपर्यंत कधी एकटी बसने गेलेली नाही. मुलगी कुठे आहे हे घड्याळ सांगतं. तिच्या शेजारी कोण बसलंय आणि वेळ आली तर ते माणूस तिच्यासाठी उठेल का, हे ते सांगू शकत नाही. पूर्वी आपल्याला ठिकाण कळायचं नाही, पण माणसांची खात्री असायची. आता ते उलट झालंय.

हे केवळ आपल्याकडेच झालं असंही नाही. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय शाळेत जायची. १९९० साली तसं पुन्हा पाहिलं तेव्हा हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं होतं. मायर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या अभ्यासाने मुख्य बोट ठेवलं ते वाढत्या वाहतुकीच्या भीतीवर. रस्ते मुलांसाठी सुरक्षित करण्याऐवजी मुलांनाच रस्त्यावरून उचलण्यात आलं, असं त्यांचं सांगणं होतं. २००८ साली न्यूयॉर्कमध्ये लेनोर स्केनाझी या पत्रकार बाईंनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला भुयारी रेल्वेने एकट्याने घरी येऊ दिलं आणि त्यावर लेख लिहिला, तर देशभर गहजब झाला. जपानमध्ये मात्र पाठीवर दप्तर अडकवलेली पहिली-दुसरीची मुलं आजही मोठ्यांशिवाय शाळेत जातात, काही तर रेल्वेने. तिथे गाडी वेळेवर येते, वाटेवरचे दुकानदार आणि वयस्क माणसं मुलांवर लक्ष ठेवतात, आणि हे आपलं काम आहे असं मानतात. हे वाचताना मला उंब्रजची रसवंती आठवते.

पण दूर जपानला कशाला जायचं? आपण शहरातली, गाडीवाली माणसं "आता मुलं एकटी कुठे जातात" असं म्हणतो तेव्हा महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुलांना विसरतो. गेल्या पावसाळ्यात मी बऱ्याच वर्षांनी उंब्रजला गेले. संध्याकाळी चाफळकडे जाणाऱ्या गाडीत बसले. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्याच बायकांना निम्मं भाडं आहे, तेव्हा मलाही पुन्हा हाफ तिकीट मिळालं. शाळा सुटायची वेळ होती. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या पंधरा-वीस मुली दारातून आत घुसल्या. दप्तरं भिजलेली, छत्र्यांतून पाणी गळतंय. पासाची तपासणी झाली. बारावीपर्यंतच्या गावाकडच्या मुलींना शाळेचा प्रवास मोफत आहे. खाकी गणवेशातली बाई कंडक्टर होती, तिशीची असेल. तिने हात दोरीकडे नेला आणि थांबली. "मधल्या वाडीची बारकी कुठाय गं?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी म्हणालं, बाईंनी वर्गात थांबवलंय. कंडक्टरने ड्रायव्हरला हाक मारली, "दादा, दोन मिनिटं." गाडीतल्या एका माणसाने घड्याळ बघून कुरकुर केली. ती त्याला शांतपणे म्हणाली, "काका, ह्याच्यानंतर गाडी आठला हाय. तवर काय करंल ती हितं पावसात?" तो माणूस गप्प झाला. थोड्या वेळाने पाचवीतली असावी अशी एक मुलगी पळत पळत आली. दोन मुलींनी तिला हात देऊन वर घेतलं. त्याच कुरकुरणाऱ्या काकांनी तिचं दप्तर आपल्या मांडीवर घेतलं. डबल बेल झाली. वाडीच्या फाट्यावर अंधारून आलं होतं. ती पोरगी उतरली तेव्हा गाडी लगेच हलली नाही. वाडीकडच्या वाटेवर बॅटरी घेतलेला माणूस येताना दिसला, तिने "आबा" म्हणून हाक मारली, तेव्हाच कंडक्टरने दोरी ओढली.

मी ज्या गोष्टीसाठी हळहळत होते ती माझ्या डोळ्यांसमोर चालू होती, आणि माझ्या लहानपणापेक्षा अधिक मोलाच्या कामासाठी. आम्ही सुट्टी घालवायला जात होतो. या मुली रोज शिकायला जातात. ही गाडी नसेल तर त्यांची शाळा आठवीत सुटते आणि पुढचं सगळं बदलतं. म्हणूनच मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींच्या शाळेसाठी निळ्या गाड्या सुरू करण्यात आल्या. आणि म्हणूनच २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा संप महिनोन् महिने चालला तेव्हा खरी झळ याच मुलांना बसली. करोनानंतर शाळा नुकत्या उघडल्या होत्या आणि फाट्यावर गाडी येत नव्हती. मोठी मुलं वडापच्या जीपला मागे लोंबकळून गेली, बारकी चालत गेली, काही घरीच राहिली. संपावरच्या कामगारांची गाऱ्हाणीही खरी होती. पगार थकणं, घर न चालणं, हे त्यांनी सोसलं होतं. जो माणूस दुसऱ्याच्या पोराला सुखरूप उतरवतो त्याचं घर चालावं, हे बघणंही समाजाचंच काम आहे.

म्हणून माझं मागणं जुने दिवस परत आणण्याचं नाही. ते येणार नाहीत, आणि त्यातले काही येऊही नयेत. मुलींनी गप्प बसून सोसण्याचे दिवस तर कधीच नकोत. मुलाला फोन नंबर पाठ असावा, १०९८ माहीत असावा, "नको" म्हणायची आणि मोठ्याने ओरडायची मुभा असावी. हे सगळं देऊन त्याच्या हातात तिकिटाचे पैसेही द्यावेत. पहिल्यांदा त्याच्यासोबत बसने जावं, मग मागच्या सीटवर बसावं, मग एका थांब्यावर चढवून पुढच्या थांब्यावर आपण उभं राहावं. मूल दहा वर्षांचं झालं की एवढं शहरातही जमतं. माझ्या भाचीला मी हे सांगितलं आहे आणि येत्या सुट्टीत आम्ही दोघी मिळून ते करणार आहोत: आई कोथरूडच्या थांब्यावर, मी डेक्कनच्या.

पण हे नुसतं आईबापांवर टाकून भागणार नाही. मूल एकटं पाठवायचं तर गाडीत बसलेल्या माणसांनी ते आपलं मानायला हवं. आज गाडीत शाळकरी पोर शेजारी येऊन बसलं तर आपण मोबाईलमधून डोकं वर काढतो का? कुठे उतरायचंय, कोण घ्यायला येणार आहे, हे विचारायला आपण संकोचतो, कारण विचारणाऱ्याकडेच संशयाने बघितलं जाईल अशी भीती वाटते. ती भीती समजण्यासारखी आहे. तरी ती ओलांडायला हवी, सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात, कंडक्टरला सामील करून. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नात मुलाला धोका नसतो, आणि गाडीतल्या बाकीच्यांनाही कळतं की या मुलावर कुणाचं तरी लक्ष आहे.

आणि त्यासाठी आपण गाडीत असायला हवं. ज्या वर्गाचं म्हणणं ऐकलं जातं, तो वर्ग एसटीतून आणि शहरातल्या बसमधून उतरून स्वतःच्या मोटारीत जाऊन बसला. मग फेऱ्या कमी झाल्या तरी बोलणारं कुणी उरलं नाही. स्टँडवरचा दिवा गेला, स्वच्छतागृहाचं दार मोडलं, तरी ते गरिबाच्या पोरालाच सोसावं लागलं. महिन्यातून दोन वेळा का होईना, आपण मोटार घरी ठेवून मुलांना घेऊन बसने जाऊ लागलो, तर वेळेवर गाडी, उजेडाचा थांबा, पलीकडे जायला सुरक्षित वाट, यासाठी भांडायला आपणही उभे राहू. चाफळच्या वाटेवरच्या त्या मुलीला आणि कोथरूडच्या माझ्या नातीला एकाच चांगल्या गाडीची गरज आहे. ती गाडी दोघींना मिळेल ती मोठी माणसं तिच्यात बसतील तेव्हाच.